आठ गद्दार

आमच्या शाळेत गेल्या वर्षी विज्ञान प्रदर्शन भरले होते. नववीतल्या एका मुलाने कॉम्प्युटरच्या चिपचा इतिहास सांगणारा तक्ता केला होता. आठ तरुणांची छायाचित्रे एका ओळीत चिकटवलेली आणि वर लाल शाईने, उर्दूत, चांगल्या वळणदार अक्षरांत मथळा : ‘आठ गद्दार’. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी तो मथळा दोनदा वाचला आणि विचारले, ‘‘बेटा, यांनी कोणता मुल्क विकला?’’ मुलगा गांगरला. म्हणाला, ‘‘मुल्क नाही विकला साहेब. नोकरी सोडली.’’

सगळे हसले. मुख्याध्यापकांनी मात्र मला बाजूला घेऊन मथळा झाकायला सांगितले. हा शब्द शाळेच्या भिंतीवर नको, उद्या कुणी फोटो काढला तर मागचापुढचा संदर्भ कोण विचारतो, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. हा शब्द आपल्यापैकी कुणाला नवा नाही. तो कानावर पडला की आपण आधी इकडेतिकडे बघतो, कुणाला उद्देशून आला म्हणून.

मथळ्यावर पांढरा कागद चिकटला, पण स्टाफरूममध्ये वाद पेटला तो पेटलाच. आमचे एक ज्येष्ठ सहकारी, ज्यांच्या हाताखाली शाळेतले निम्मे शिक्षक शिकले, म्हणाले, ‘‘ज्याने हाताला धरून हुनर शिकवला त्याला आठजण मिळून एकाच दिवशी सोडून जातात. त्याला दुसरे काय म्हणणार? नमकहराम म्हणा फार तर.’’ त्यावर पीटीचे सर म्हणाले, ‘‘सर, नोकरी म्हणजे काय निकाह आहे?’’ मग घंटा झाली. त्या वादात मी काहीच बोललो नव्हतो. माझ्या गप्प बसण्याला कारण होते, ते पुढे येईल. आधी त्या आठांची हकीकत सांगतो, कारण निवाडा करायचा तर साक्षीपुरावा नीट ऐकायला हवा.

ही गोष्ट सुरू होते विल्यम शॉकली यांच्यापासून. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन या दोघांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेच्या प्रवाहाला वाढवणारी किंवा चालू-बंद करणारी एक चिमुकली कळ. त्याआधी हे काम काचेचे व्हॉल्व्ह करीत. जुन्या रेडिओच्या पाठीमागे तांबूस उजेड दिसे तो त्यांचाच. शॉकली या दोघांचे वरिष्ठ होते. पण त्या पहिल्या शोधाच्या पेटंटवर त्यांचे नाव लागले नाही. ते त्यांना इतके झोंबले, की पुढच्या महिनाभरात त्यांनी एकट्याने कागदावर आकडेमोड करून अधिक चांगल्या, वेगळ्या ट्रान्झिस्टरची कल्पना मांडली. राग माणसाकडून कधी कधी मोठे काम करून घेतो. १९५६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळून मिळाले.

तोवर शॉकली यांनी बेल प्रयोगशाळा सोडली होती. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांना स्वतःची कंपनी हवी होती, आणि आर्नोल्ड बेकमन नावाच्या उद्योगपतीने तिच्यासाठी पैसा दिला. कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू या गावी, सान अँटोनियो रस्त्यावरच्या एका साध्या इमारतीत १९५६ मध्ये त्यांची प्रयोगशाळा सुरू झाली. जवळच पालो आल्टोला त्यांची आई राहत होती. बेलमधल्या जुन्या सहकाऱ्यांना त्यांनी बोलावले, पण कुणी आले नाही. मग त्यांनी देशभरातून तरुण वेचले. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट नॉइस आणि जे लास्ट, रसायनशास्त्रज्ञ गॉर्डन मूर, दोन-दोन डॉक्टरेट मिळवलेले स्वित्झर्लंडचे जीन होर्नी, धातुशास्त्रज्ञ शेल्डन रॉबर्ट्स, विद्युत अभियंता व्हिक्टर ग्रिनिच, यंत्र अभियंते ज्युलियस ब्लँक आणि युजीन क्लायनर. यांतले क्लायनर मूळचे व्हिएन्नाचे ज्यू, नाझींच्या तावडीतून निसटून अमेरिकेत आलेले. शॉकली यांचा फोन आला तेव्हा साक्षात ईश्वराने हाक मारल्यासारखे वाटले, असे नॉइस पुढे सांगत. म्हणजे ही पोरे पगारासाठी नव्हे, उस्तादासाठी आली होती. माणसे ओळखण्यात शॉकली यांचा हात धरणारा कुणी नव्हता, हे त्यांच्या शत्रूंनाही मान्य करावे लागेल.

माणसे सांभाळणे मात्र त्यांना जमले नाही. नोकरीवर घेण्यापूर्वी त्यांनी उमेदवारांच्या मानसशास्त्रीय चाचण्या करवून घेतल्या. त्यांचा निष्कर्ष असा निघाला, की नॉइस आणि मूर हुशार आहेत, पण चांगले व्यवस्थापक कधी होणार नाहीत. (बी.एड.ला आम्हाला चाचण्या आणि मापन यावर भलेमोठे प्रकरण होते. त्यात हे उदाहरण असते तर आम्ही ते जरा अधिक मन लावून वाचले असते.) सगळ्यांचे पगार त्यांनी फलकावर लावले. तरुणांनी काढलेले निष्कर्ष बरोबर आहेत की नाही, हे ते त्यांच्यादेखत बेलमधल्या जुन्या मित्रांना फोन करून विचारत. एकदा कार्यालयातल्या एका बाईंच्या हाताला टोचून जखम झाली. शॉकली यांना त्यात घातपात दिसला. त्यांनी माणसांची खोटे पकडणाऱ्या यंत्रावर तपासणी लावली. शेवटी रॉबर्ट्स यांनी ती टोचणारी वस्तू सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तेव्हा निघाली काय, तर डोके तुटलेली एक साधी टाचणी.

हे सगळे सोसता आले असते. शिकवणाऱ्याचा लहरी स्वभाव आपल्याकडेही शागिर्द सोसतातच, आणि पुढे त्याच्या गोष्टी कौतुकाने सांगतात. मुद्दा कामाचा होता. ज्या सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरसाठी ही मंडळी जमली, ते काम मागे टाकून शॉकली स्वतःच्या कल्पनेतल्या चार थरांच्या डायोडमागे लागले. तो बनवायला फार अवघड होता. विकण्याजोगी एकही वस्तू तयार होईना.

मे १९५७ मध्ये बेकमन भेटीला आले आणि खर्च आवरा म्हणाले. शॉकली यांनी भर बैठकीत सुनावले, की तुम्हाला हे पसंत नसेल तर मी माझी माणसे घेऊन दुसरीकडे जाईन. ती माणसे समोरच बसली होती. आपण यांच्यामागे कुठेही जाणार नाही हे त्यांना त्या क्षणी ठाऊक होते. मला तर या सगळ्या प्रकरणातले हे दृश्य सर्वांत बोलके वाटते. ‘मी निघून जाईन’ हे वाक्य प्रथम उच्चारले ते शॉकली यांनीच, आणि तेही ‘माझी माणसे घेऊन’, जणू ती सामानाबरोबर उचलायची होती.

त्यानंतर मूर यांनी सहकाऱ्यांच्या वतीने बेकमन यांना फोन केला. आधी त्यांनी सोडून जाण्याची भाषा केली नाही, हे महत्त्वाचे. ते मालकाशी बोलले, अनेकदा भेटले, आणि शॉकली यांना सल्लागार करून कारभार दुसऱ्या कुणाकडे द्यावा अशी विनंती केली. बेकमन प्रथम अनुकूल होते, मग फिरले. नुकतेच नोबेल मिळालेल्या माणसाला बाजूला सारले तर त्यांची कारकीर्द संपेल, असे त्यांच्या मनाने घेतले. आता या तरुणांची अवस्था काय झाली असेल, हे नोकरी करणाऱ्या कुणालाही सांगायला नको. साहेबांची तक्रार वर केली आणि वरच्याने साहेबांचीच बाजू घेतली!

क्लायनर यांनी न्यूयॉर्कच्या एका गुंतवणूक पेढीला पत्र लिहिले. त्यांच्या वडिलांचे तिथे खाते होते. पत्रातली मागणी नवा धंदा काढण्याची नव्हती, आम्हा सगळ्यांना एकत्र नोकरी देईल अशी एखादी कंपनी शोधून द्या, अशी होती. त्या पेढीतले आर्थर रॉक नावाचे तरुण आणि त्यांचे वरिष्ठ बड कॉयल सान फ्रान्सिस्कोला आले आणि म्हणाले, नोकरी कशाला मागता, स्वतःची कंपनी काढा. नेता हवा होता. नॉइस अजून कुंपणावर होते. धर्मोपदेशकाचा मुलगा, घरी लहान मुले, आणि ज्याने विश्वासाने मोठी जागा दिली त्याला सोडायचे. रॉबर्ट्स यांनी फोनवर बराच वेळ त्यांची समजूत घातली, तेव्हा ते आठवे झाले. क्लिफ्ट हॉटेलातल्या त्या बैठकीत करारपत्र तयार नव्हते. कॉयल यांनी खिशातून एकेक डॉलरच्या दहा कोऱ्या नोटा काढल्या. आठजण आणि हे दोघे, अशा दहांनी प्रत्येक नोटेवर सह्या केल्या आणि एकेक नोट खिशात घातली. कायद्याच्या दृष्टीने त्याला काडीची किंमत नव्हती. जबान दिली, एवढाच त्याचा अर्थ.

मग रॉक यांनी तीस-पस्तीस कंपन्यांची दारे ठोठावली. सगळीकडे नकार. शेवटी शर्मन फेअरचाइल्ड भेटले. विमानातून छायाचित्रे घेण्याचे कॅमेरे बनवणारे हे गृहस्थ आयबीएमचे सर्वांत मोठे वैयक्तिक भागधारक होते. त्यांच्या कंपनीने सुमारे १३ लाख ८० हजार डॉलर देऊ केले. आठांनी प्रत्येकी ५०० डॉलर घातले. १८ सप्टेंबर १९५७ रोजी आठांनी एकदम राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर कंपनी अस्तित्वात आली. वये सत्तावीस ते चौतीस. मी आज ज्या वयाचा आहे, त्याच सुमाराची.

‘आठ गद्दार’ हे नाव शॉकली यांनी दिले असे सर्रास सांगितले जाते. त्यांनी ते शब्द प्रत्यक्ष उच्चारले का, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, आणि त्यांच्या पत्नीनेही ते नाकारले होते. म्हणजे मथळा कुणी लिहिला हेच नक्की नाही. असे पुष्कळ मथळ्यांच्या बाबतीत असते.

या मंडळींचे समर्थक एक दाखला हमखास देतात. पुढे काय घडले ते पाहा, म्हणतात. पहिली मागणी आयबीएमकडून आली, एका बाँबफेकी विमानाच्या कॉम्प्युटरसाठी शंभर ट्रान्झिस्टर, प्रत्येकी १५० डॉलर. ते धाडायला नीटसे खोके नव्हते म्हणून लास्ट यांनी दुकानातून भांडी घासायच्या चोथ्यांचे रिकामे खोके आणले. मग कळले, की ट्रान्झिस्टरच्या धातूच्या टोपीवर पेन्सिलीने टकटक केली तरी आतला एखादा कण सुटून तो बिघडतो. होर्नी यांनी यावर उपाय काढला. सिलिकॉन भट्टीत तापवले की त्यावर, दुधावर साय धरावी तसा, ऑक्साइडचा थर बसतो. इतर लोक तो अशुद्ध समजून खरवडून काढीत. होर्नी म्हणाले, राहू द्या, तोच आतल्या जोडाचे रक्षण करील. या सपाट पृष्ठभागावरच सगळे भाग कोरून, धातूच्या बारीक रेघांनी तिथेच जोडता येतील, ही कल्पना नॉइस यांनी जानेवारी १९५९ मध्ये वहीत लिहिली. टेक्सासमध्ये जॅक किल्बी यांनी आदल्या वर्षी एकाच तुकड्यावर मंडल बनवून दाखवले होते, पण त्यांच्या जोडणीच्या तारा बाहेर लोंबत होत्या. १९६० मध्ये लास्ट यांच्या गटाने फेअरचाइल्डमध्ये सपाट चिप प्रत्यक्षात आणली. आज आपल्या खिशातल्या फोनपासून रेल्वेच्या आरक्षण खिडकीपर्यंत जे काही चालते ते त्याच घराण्यातले.

हे सारे खरे आहे. पण नैतिक प्रश्नाला हे उत्तर नव्हे. अंजाम चांगला निघाला म्हणून कृती चांगली ठरत असेल, तर हीच मंडळी दिवाळखोर झाली असती तेव्हा आपण त्यांना गद्दार म्हणायला मोकळे झालो असतो. राजीनाम्यावर सही करताना त्यांना चिप दिसत नव्हती. तसाच दुसरा दाखलाही बाद करावा लागतो. शॉकली पुढे स्टॅनफर्डला प्राध्यापक झाले आणि काळे लोक जन्मजात बुद्धीने कमी असतात, त्यांची संतती वाढू देऊ नये, असे विषारी विचार वर्षानुवर्षे सांगत फिरले. १९८९ मध्ये ते वारले तेव्हा मुलांना ती बातमी वर्तमानपत्रांतून कळली, असे म्हणतात. एका अख्ख्या समाजाच्या कपाळावर शिक्का मारणाऱ्या विद्वानाबद्दल मला सहानुभूती वाटत नाही. तरीही १९५७ मध्ये त्या आठांना हे माहीत नव्हते. उस्ताद पुढे वाईट निघाला, म्हणून आधीचा दगा क्षम्य, हा युक्तिवाद सोयीचा आहे, न्यायाचा नाही.

तेव्हा जे त्या दिवशी त्यांच्या हातात होते तेवढ्यावरच तोलायला हवे. आणि तसे तोलताना मला वाटते, की वफादारी या शब्दाची आपण नेहमी एक गफलत करतो. वफा कुणाशी? माणसाशी की त्याने हाती सोपवलेल्या कामाशी? शॉकली यांनी या तरुणांना सिलिकॉनच्या कामासाठी बोलावले होते. ते काम ही त्यांच्याकडची अमानत होती. ते शॉकली यांनीच टाकून दिले. मग अमानत उचलून बाहेर पडणाऱ्याला खियानत करणारा कसे म्हणावे? शिवाय ते रात्री पळाले नाहीत. आधी बोलले, मालकापर्यंत गेले, दुसरा मार्ग सुचवला. एवढे करून बंद झालेल्या दारातून जो बाहेर पडतो, त्याला मी गद्दार म्हणणार नाही.

पण इथे थांबलो तर निवाडा फार सोपा होईल. १९५९ च्या सुरुवातीला फेअरचाइल्डमध्येच काय घडले ते पाहू. या आठांनी कारभार सांभाळायला बाहेरून एक अनुभवी व्यवस्थापक आणला होता, एडवर्ड बाल्डविन. मार्चमध्ये तो काही सहकाऱ्यांसह उठून गेला आणि त्याने जवळच रीम सेमिकंडक्टर ही कंपनी काढली. जाताना ट्रान्झिस्टर बनवण्याच्या कृतींची फेअरचाइल्डची पुस्तिकाही त्या मंडळींबरोबर गेली. आता कोर्टात कोण गेले? फेअरचाइल्ड! दीड वर्षापूर्वीच्या गद्दारांना गद्दारी म्हणजे काय ते कळले.

त्यांना ढोंगी म्हणण्याचा मोह होतो. मी थोडे थांबलो आणि मला फरक दिसला. आठजण डोक्यात जे मावले ते घेऊन गेले होते. बाल्डविनच्या माणसांनी पुस्तिका नेली. शिकलेली विद्या शिकणाऱ्याची होते, ती परत कशी करणार? मी मुलाला वर्गमूळ काढायला शिकवले तर ते माझे राहत नाही. लिहिलेली वही मात्र दुसऱ्याची आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातही थोडीफार हीच रेघ आहे. नोकरी सोडल्यावर अमुक धंदा करू नकोस असे बांधणारे करार तिथे १८७२ पासून ग्राह्य धरत नाहीत. चोरी मात्र चोरीच. अर्थात डोके आणि वही यांच्यामधली रेघ नेहमी इतकी स्वच्छ नसते. चांगल्या स्मरणशक्तीच्या माणसाचे काय, हे मला अजून उलगडलेले नाही. गंमत अशी, की त्या पुस्तिकेतली पद्धत लवकरच जुनी झाली, कारण तोवर होर्नी यांची सायीची युक्ती आली होती.

बाल्डविननंतर कारभार नॉइस यांच्याकडे आला, चाचणीने नापास केलेल्या त्याच नॉइस यांच्याकडे. त्याच वर्षी मूळ कॅमेरा कंपनीने आठांचे भाग करारानुसार विकत घेतले. प्रत्येकाला अडीच-तीन लाख डॉलर मिळाले आणि मालकांचे पुन्हा नोकर झाले. मग गळती सुरू झाली. १९६१ मध्ये होर्नी, लास्ट, रॉबर्ट्स बाहेर पडले, मागोमाग क्लायनर. १९६७ मध्ये चार्ल्स स्पोर्क. १९६८ मध्ये नॉइस आणि मूर यांनी इंटेल काढली, तिला भांडवल मिळवून दिले पुन्हा आर्थर रॉक यांनीच. अशा कंपन्यांना लोक ‘फेअरचिल्ड्रन’ म्हणू लागले. आणि १९८७ मध्ये फेअरचाइल्ड विकली गेली ती स्पोर्क चालवत असलेल्या नॅशनल सेमिकंडक्टरलाच. म्हणजे घर सोडून गेलेल्याने घरच विकत घेतले.

आठांपैकी आज कुणी हयात नाही. शेवटचे मूर, ते मार्च २०२३ मध्ये गेले. होर्नी यांच्याबद्दल एक गोष्ट आपल्या वाचकांना सांगायला हवी. ते गिर्यारोहक होते. काराकोरमच्या कुशीत, बाल्टिस्तानातल्या कोरफे या गावी शाळेची इमारत उभी राहावी म्हणून त्यांनी पैसे दिले आणि १९९६ मध्ये त्या भागातल्या शाळांसाठी एक संस्था काढली. त्या संस्थेच्या कारभारावर पुढे बरीच टीका झाली, पण १९९७ मध्येच ते वारले होते.

आता ज्या प्रकाराने मला खरे अस्वस्थ केले तो सांगतो. तक्त्यावर त्याला जागा नव्हती. चिपच्या सूक्ष्म तारा जोडायला नजर आणि बोटे लागत, आणि ते काम बहुतेक बायका करीत. मजुरी स्वस्त पडावी म्हणून फेअरचाइल्डने १९६३ मध्ये हाँगकाँगला कारखाना काढला. १९६५ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या शिपरॉक गावी, नवाहो या मूळ रहिवाशांच्या राखीव प्रदेशात, सरकारी मदतीने दुसरा काढला. तिथे हजाराहून अधिक नवाहो कामगार राबत, त्यांत बहुसंख्य बायका. कंपनीच्या १९६९ च्या एका पुस्तिकेत चिपच्या नकाशासारखा विणलेला नवाहो गालिचा छापला होता, म्हणजे ही बोटे जन्मतःच या कामासाठी आहेत असे सुचवायचे. फेब्रुवारी १९७५ मध्ये कामगार कपातीनंतर आंदोलकांनी शस्त्रे घेऊन आठवडाभर कारखान्याचा ताबा घेतला. रक्त सांडले नाही. कंपनीने मात्र तो कारखाना कायमचा बंद केला आणि काम दुसरीकडे नेले.

त्या कंपनीला कुणी गद्दार म्हणाले नाही. आठ पदवीधर उठून गेले तर त्याला विश्वासघाताचे नाव, आणि कंपनी शेकडो बायकांना सोडून गेली तर तो व्यवहार! गद्दार हा शब्द नेहमी वरून खाली येतो, खालून वर जात नाही. आणि नोटेवर सही करून उठून जाण्याची मोकळीक ज्याच्या डोक्यात दुर्मीळ विद्या आहे त्यालाच असते. शिपरॉकच्या बाईकडे दहा नोटा घेऊन कोण येणार होते?

म्हणून माझ्या मते, जाण्याचा हक्क होता का, एवढे विचारून भागत नाही. ज्यांना जाता येत नाही असे मागे कोण राहिले, हे जाणाऱ्याने मोजले का, हेही विचारायला हवे.

स्टाफरूममध्ये मी गप्प होतो त्याचे कारण हेच. बी.एड. झाल्यावर मला पहिली नोकरी माझ्या उस्तादांनी दिली होती, एका विनाअनुदानित शाळेत. गणिताची माझी सगळी समज त्यांच्याकडून आलेली. पगार कधी दोन महिन्यांनी, कधी चार महिन्यांनी, आणि कागदावर एक, हातात एक. आम्ही तीन शिक्षक संस्थेच्या सदरसाहेबांकडे दोनदा गेलो. काही झाले नाही. मग दुसऱ्या गावच्या अनुदानित शाळांत जागा निघाल्या आणि एका आठवड्यात तिघांनी राजीनामे दिले. आमच्यावर अन्याय होत होता, यात आजही मला शंका नाही. पण महिना ऑक्टोबरचा होता आणि दहावीचा वर्ग माझ्याकडे होता. उस्तादांनी गद्दार वगैरे काही म्हटले नाही. एवढेच म्हणाले, ‘‘सहामाहीचे पेपर तपासून जा.’’ मी ते दोन रात्रींत तपासून दिले आणि माझे कर्तव्य संपले, असे मानले.

गेल्या महिन्यात फोन बिघडला म्हणून बसस्थानकाजवळच्या एका दुरुस्तीच्या टपरीत गेलो. डोळ्याला भिंग लावून काम करणाऱ्या तरुणाने मान वर केली आणि उभा राहिला. ‘‘सर, ओळखले का? तुमच्या त्या दहावीतला.’’ त्याने स्टूल पुसून दिले, चहा मागवला. गणितात राहिला, दोनदा बसला, मग सोडून दिले, असे त्याने सांगितले. सांगताना आवाजात तक्रार नव्हती. तुम्ही गेल्यावर वर्षभर गणिताला कुणी आलेच नाही, एवढे म्हणाला आणि फोन उघडू लागला. गरम हवेचा झोत देऊन त्याने चिमट्याने एक काळा, नखाएवढा चौकोन उचलला आणि तळहातावर ठेवून मला दाखवला.

‘‘आयसी गेली आहे सर. नवीन टाकावी लागेल. उद्या संध्याकाळी या.’’

मी किती झाले विचारले. त्याने हात जोडले. मी पैसे काढून काउंटरवर ठेवले, त्याने ते उचलून माझ्या खिशात परत घातले.